यासुनीच्या जंगलाखालचं तेल: कौल लागला, विहिरी मात्र सुरूच. हिशेब मांडायचा तरी कसा?

रानवाटा

२० ऑगस्ट २०२३ ला इक्वेडोरमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर आणखी एका प्रश्नावर मतदान झालं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात इश्पिंगो, तांबोकोचा आणि तिपुतिनी ही तीन तेलक्षेत्रं आहेत, तिन्ही मिळून ब्लॉक ४३. इथलं तेल कायमचं जमिनीखाली राहू द्यायचं का, एवढाच प्रश्न होता. सुमारे ५९ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं. तेल उपसायला सुरुवात झाली होती २०१६ मध्ये आणि मतदानाच्या वेळी रोज ५५ हजार बॅरलच्या आसपास तेल निघत होतं, म्हणजे देशाच्या उत्पादनाच्या साधारण १२ टक्के. चालू उत्पन्न सोडून द्यायला एखाद्या देशानं असं मत देणं ही लहान गोष्ट नाही.

घटनात्मक न्यायालयानं काम आवरायला एक वर्ष दिलं होतं. सरकारनं मात्र आराखडा दिला तो २०२९ अखेरपर्यंतचा. एकूण २४७ विहिरी बंद करायच्या. पहिली बंद झाली ऑगस्ट २०२४ मध्ये, न्यायालयाची मुदत संपता संपता.

मला हा कौल योग्य वाटतो. पण त्यावरची चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. तराजूच्या एका पारड्यात डॉलर, दुसऱ्यात झाडं-पाखरं, आणि मग ज्याला जे आवडतं ते त्याला जड वाटतं. इथे तेलविहिरींचं काम जाणणारे, जंगलाचा अभ्यास असलेले, कायदा कळणारे असे सगळे सभासद आहेत. कुठल्या पारड्यात नेमकं काय टाकायचं, ते सांगा. आणि पाच वर्षं खरंच लागतात का, की ही चालढकल आहे?

गणिती

पैशाचं पारडं आधी भरू, कारण सगळ्यात जास्त ढिसाळपणा तिथेच झालाय.

प्रचारात सरकारी आकडा होता वर्षाला १.२ अब्ज डॉलर नुकसान. ५५ हजार गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी बॅरल. १.२ अब्जाला २ कोटींनी भागलं की बॅरलमागे ६० डॉलर येतात. जड तेलाचा बाजारभाव त्याच्याच आसपास असतो. म्हणजे हा आकडा विक्रीच्या जवळ जातो, नफ्याच्या नाही. पंपांची वीज, पाणी वेगळं करणं, रसायनं, तेलवाहिनीचं भाडं, विहिरींची डागडुजी हे त्यातून अजून जायचंय.

सरकारी तेल कंपनीचा दुसरा आकडा होता २० वर्षांत १३.८ अब्ज. वर्षाची सरासरी काढा: ६९ कोटी डॉलर, पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. विहीर दरवर्षी कमी तेल देत जाते, तिला चालू वर्षाच्या उत्पन्नानं मोजून चालत नाही. पावणेदोन कोटी लोकसंख्येला वाटलं तर माणशी वर्षाला ४० डॉलर. ही रक्कम क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. पण 'देश बुडेल' आणि 'माणशी ४० डॉलर' यांत फरक आहे, आणि मतदाराला दुसरा आकडा कुणी सांगितला नाही.

पाणकोंबडी

वाचतेय. गणिती यांच्या भागाकाराला +१.

स्पष्टवक्ता

गणिती, भागाकार बरोबर असेल, पण माणशी काढून प्रश्न पातळ करू नका. इक्वेडोरनं २००० साली स्वतःचं चलन सोडून डॉलर घेतला. त्यांना नोटा छापता येत नाहीत. देशात येणारा डॉलर निर्यातीतून, बाहेर गेलेल्यांच्या मनीऑर्डरींतून किंवा कर्जातून येतो, चौथा मोठा रस्ता नाही. निर्यातीतला एक तुकडा काढलात की तो कर्जानं भरावा लागतो, आणि ते कर्ज फेडायला पुन्हा तेलच विकलं जातं. चीनकडून घेतलेली कर्जं तेलाच्या पुरवठ्यालाच बांधलेली होती, हे विसरू नका.

शिवाय मूळ योजना जगानंच मोडली. २००७ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी संयुक्त राष्ट्रांत जाऊन सांगितलं की या ८४.६ कोटी बॅरलना आम्ही हात लावत नाही, उत्पन्नाच्या निम्मे म्हणजे ३.६ अब्ज डॉलर जगानं १३ वर्षांत द्यावेत. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाकडे त्यासाठी निधीही उघडला. ऑगस्ट २०१३ मध्ये योजना गुंडाळली तेव्हा प्रत्यक्ष जमा होते १.३३ कोटी. हजार रुपये मागितले आणि पावणेचार रुपये हातावर पडले. ज्यांनी दिले नाहीत तेच आज मतदानाचं कौतुक करतात.

उंबर

स्पष्टवक्ता, निधीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. पैसे देणाऱ्यांना हमी हवी होती की उद्याचा अध्यक्ष खोदणार नाही. खोदलं तर पैसे परत, अशी प्रमाणपत्रं काढली होती हेही खरं. पण त्याच काळात सरकार 'पैसे आले नाहीत तर खोदू' असा दुसरा आराखडा बाजूला तयार ठेवत होतं आणि तसं बोलूनही दाखवत होतं. जर्मनीनं २०१० मध्ये अंग काढून घेतल्यावर बाकीचे थंड पडले. दोष दोन्हीकडे आहे.

आता जंगलाच्या पारड्याबद्दल. यासुनी म्हटलं की एकेका हेक्टरात ६५५ जातींची झाडं, सगळ्या उद्यानात मिळून बेडकांसारख्या उभयचरांच्या १५० जाती, जवळपास ६०० जातींचे पक्षी हे आकडे येतात. आकडे खरे आहेत. पण ते 'श्रीमंती' सांगतात, 'इजा' सांगत नाहीत. इजा समजायला रस्ता बघावा लागतो.

तेलाच्या बाजूचा आवडता युक्तिवाद असा: उद्यान १० लाख हेक्टरचं, आम्ही वापरणार ३०० हेक्टर, म्हणजे ०.०३ टक्के. (२०१८ च्या जनमतानं ती मर्यादा १,०३० वरून ३०० हेक्टरवर आणली.) हा भागाकार फसवा आहे. विहिरीचा तळ (विहिरी खणायला साफ केलेली सपाट जागा) ही जंगलात पडलेली टाचणी, रस्ता हा जंगलात घातलेला चिरा. १९९० च्या दशकात उद्यानातून ब्लॉक १६ साठी जवळपास १५० किलोमीटरचा रस्ता काढला. तेव्हाही काळजी घेतली होती: नापो नदीवर पूल बांधला नाही, गाड्या तराफ्यावरून आणल्या, नाक्यावर पहारा ठेवला, बाहेरच्या शेतकऱ्यांना आत येऊ दिलं नाही. उत्तरेकडच्या सुकुंबिओस प्रांतात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जशी वसाहत झाली तशी इथे झाली नाही, हे मान्य करायला हवं.

तरी काय झालं? वाओरानी आणि किच्वा या आदिवासी समाजांची कुटुंबं रस्त्याकाठी राहायला आली. ती तिथलीच माणसं, त्यांना कोण अडवणार? कंपनीच्या गाड्यांतून फुकट ने-आण होऊ लागली. पूर्वी शिकारी घरापासून पायी एका दिवसात जाऊन येईल तेवढंच शिकारीचं वर्तुळ होतं. आता रस्त्याच्या कुठल्याही किलोमीटरला उतरून आत शिरता येतं, आणि मांस वाहून आणायला गाडी आहे. नापोच्या काठावर पोंपेया इथे रानमांसाचा बाजार उभा राहिला. घरात खाण्यापुरती शिकार ती विकण्यापुरती झाली.

पहिले गेले लोकरी माकड आणि कोळीमाकड. कोळीमाकडाची मादी दोन पिलांमध्ये तीन-चार वर्षं घेते, शिकारीचा वेग तिला झेपत नाही. ही माकडं मोठी फळं गिळून बिया लांब नेऊन टाकतात. ती गेली की वरून जंगल हिरवंगारच दिसतं, उपग्रहाच्या चित्रात काही कळत नाही, पण मोठ्या बियांच्या झाडांची पुढची पिढी आईच्या सावलीतच मरते. ०.०३ टक्क्यांत हे कुठे मोजणार?

जोगळेकर_खिंड

उंबर, प्रतिसाद आवडला. एक शंका: रस्ता न काढता तेल काढता येत नाही का? समुद्रातल्या फलाटावर तरी कुठे रस्ता असतो?

दर्यावर्दी

येतं. त्याला 'जमिनीवरचा समुद्र' म्हणा हवं तर: जंगल हा समुद्र समजायचा, तळ हा फलाट, माणसं-सामान हेलिकॉप्टरनं किंवा नदीनं आणायचं. पेरूत कामिसेआचा वायू आणि ब्राझीलमध्ये उरुकुचं तेल याच पद्धतीनं काढलं. इक्वेडोरमध्येच ब्लॉक १० मध्ये बियानोची वाहिनी समांतर रस्ता न बांधता टाकली. एका तळावरून तिरक्या विहिरी खणत गेलं की तळांची संख्याही कमी लागते.

गाडं अडतं ते इथे. वायू आणि हलकं तेल सुटसुटीत असतं. ब्लॉक ४३ चं तेल जड, १४-१५ अंश एपीआय (तेलाचा हलकेपणा मोजायचं माप, आकडा लहान तितकं तेल जड). त्याची घनता पाण्याच्या ०.९७ पट येते. ते आपल्या जोरावर वर येत नाही, प्रत्येक विहिरीत खोलवर विजेचा पंप सोडावा लागतो. हा पंप नळीसारखा लांबट असतो, एकावर एक अनेक चकत्यांचा. वाळू, उष्णता किंवा वायरीचं आवरण खराब होणं, काहीही झालं की अख्खी नळ्यांची माळ उपसून पंप बदलावा लागतो. त्यासाठी दुरुस्तीचा रिग (नळ्या वर उपसायचा यंत्रांचा मनोरा), क्रेन, ट्रक आले. एकदा खणून निघून जायचं, असं हे क्षेत्र नाही. सतत ये-जा लागते. म्हणून कागदावर 'पायवाट' असलेला पट्टा प्रत्यक्षात रुंद रस्ता होतो. शेजारच्या ब्लॉक ३१ मध्ये तेच झालं, परवानगी मागताना पर्यावरणस्नेही वाट म्हटलेली गोष्ट उपग्रहचित्रांत सरळ रस्ता दिसली.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती माझ्या मते या धाग्यात अजून यायचीच आहे. तेलाच्या थराखाली खाऱ्या पाण्याचा थर असतो. तेल दाट, पाणी पातळ. पंपानं ओढ लावली की पातळ पाणी दाट तेलाला वळसा घालून शंकूसारखं वर चढतं. एकदा पाण्याला वाट सापडली की विहीर मुख्यतः पाणीच देते. समजा वर येणाऱ्या द्रवात ९० टक्के पाणी आहे, तर एका बॅरल तेलामागे नऊ बॅरल पाणी. रोज ५५ हजार बॅरल तेलाला पाच लाख बॅरल पाणी. त्यात मीठ, बेरियमसारखे धातू आणि बेंझीनच्या कुळातली विरघळणारी द्रव्यं. तिपुतिनीसारख्या नदीच्या पाण्यात क्षार नावालाच असतात, तिथले मासे आणि बेडूक त्यालाच सरावलेले.

आज हे पाणी पुन्हा खोल खडकात दाबतात. पंप बंद पडला, दाबविहिरीचं तोंड गाळानं बुजलं, किंवा खाऱ्या पाण्यानं पोलादी नळी आतून खाल्ली, तर वरचं उत्पादन थांबवायचं किंवा पाणी कुठेतरी सोडायचं, एवढेच दोन मार्ग उरतात. पैशाचा रेटा असला की काय होतं ते इक्वेडोरच्याच ईशान्येला लागो आग्रिओच्या तेलपट्ट्यात दिसलंय. १९६४ ते १९९२ च्या काळात तिथे टेक्साको कंपनीच्या कामातून सुमारे १६ अब्ज गॅलन असं पाणी ओढ्या-नद्यांत सोडलं गेलं आणि शेकडो खड्डे अस्तराविना उघडे ठेवले गेले.

वेळणेश्वर

दर्यावर्दी यांचा प्रतिसाद वाचून एक जोडतो. ०.९७ घनतेचं तेल नदीत सांडलं तर तवंग म्हणून वर राहीलच असं नाही. गढूळ पाण्यातली माती त्याला चिकटते आणि ते तळाशी बसतं. तरंगते अडसर लावून ते धरता येत नाही.

आणि गळती फक्त उद्यानातच होते असंही नाही. हे तेल अँडीज ओलांडून किनाऱ्यावर एस्मेराल्दासला जातं. वाटेत कोका नदीचं खोरं. २ फेब्रुवारी २०२० ला तिथला सान राफाएल धबधबा अचानक कोसळला आणि नदी उलट दिशेनं, वरच्या अंगाला, आपला तळ खात सुटली. ७ एप्रिलला काठ ढासळून मोठ्या वाहिन्या तुटल्या, सुमारे १५ हजार बॅरल तेल नदीत गेलं. जानेवारी २०२२ मध्ये दरड कोसळून पुन्हा ६,३०० बॅरल. यासुनीच्या एका बॅरलचा धोका मोजताना ही अख्खी वाट मोजायला हवी.

आडवाट

अवांतर: लागो आग्रिओच्या लोकांनी कंपनीवर भरलेल्या खटल्याचं शेवटी झालं काय?

कायदेकानू

आडवाट, थोडक्यात: इक्वेडोरच्या न्यायालयांनी शेवरॉन कंपनीला (टेक्साको आता तिच्यात आहे) ९.५ अब्ज डॉलर भरायला सांगितलं. अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१४ मध्ये तो निकाल गैरमार्गानं मिळवल्याचं ठरवलं, २०१८ मध्ये हेगच्या लवादानंही कंपनीच्या बाजूनं निर्णय दिला. काठावरच्या लोकांच्या हाती त्यातून पैसा आला नाही आणि खड्डे अजून आहेत. म्हणूनच 'आधी काढू, बिघडलं तर भरपाई' या वाक्यावर माझा विश्वास नाही. भरपाई हे पारड्यात टाकायचं वजनच नव्हे.

मूळ प्रश्नाकडे. इक्वेडोरची २००८ ची राज्यघटना निसर्गाला स्वतःचे हक्क देते, कलम ७१ पासून. कलम ४०७ संरक्षित क्षेत्रात उत्खननाला मनाई करतं, पण अध्यक्षांनी मागणी केली आणि संसदेनं 'राष्ट्रहित' जाहीर केलं तर वाट उघडी ठेवतं. २०१३ मध्ये त्याच वाटेनं परवानगी दिली. तेव्हाच 'यासुनिदोस' गटानं साडेसात लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या, निवडणूक यंत्रणेनं त्यातल्या लाखो बाद ठरवल्या. मतदानापर्यंत पोचायला मग २०२३ उजाडलं.

आणि कलम ५७. एकांतात राहणाऱ्या समूहांचा प्रदेश अस्पर्श आहे, तिथे कुठलंही उत्खनन चालणार नाही, असं ते सांगतं. माझ्या दृष्टीनं तराजूचा प्रश्न इथेच संपतो.

स्पष्टवक्ता

कायदेकानू, संपत नाही. ज्या ओरेयाना आणि सुकुंबिओस प्रांतांत तेल निघतं, तिथल्या मतदारांनी 'नाही'चं पारडं जड केलं. त्यांना तेल चालू हवं होतं. कितो-क्वेंकासारख्या शहरांतल्या मतदारानं त्यांच्या वाट्याचं ठरवलं. उद्यानातली काही वाओरानी गावंसुद्धा तेलाच्या बाजूची आहेत, कारण होडीच्या इंजिनाचं पेट्रोल, दवाखाना, शाळेचा मास्तर हे सगळं कंपनीशी झालेल्या करारातून येतं. शहरातल्या माणसानं त्यांना जंगल जपायला सांगायचं आणि दवाखान्याचं बघायचं नाही?

मृद्गंध

स्पष्टवक्ता यांच्या या मुद्द्याला अनुमोदन. आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये उलट पद्धत होती: सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि डोंगरिया कोंधांच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटला नकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं सूत्रही तेच, आमच्या गावात आम्हीच सरकार. मग यासुनीत देशभराचं मत का? ज्याचं जंगल त्याचं मत, असं नको?

जोगळेकर_खिंड

आणि आसामचं बागजान विसरू नका. मे २०२० मध्ये विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, नोव्हेंबरमध्ये विझली. दिब्रू-सैखोवा उद्यानाच्या अगदी शेजारी, मागुरी-मोटापुंगची पाणथळ जागा काळी पडली. तिथे मत कुणाचं घेतलं होतं?

रानवाटा

बागजानवर स्वतंत्र धागा काढा, तो विषय मोठा आहे, इथे फाटे फुटतील. मृद्गंध यांचा प्रश्न मात्र इथलाच आहे. 'ज्याचं जंगल त्याचं मत' हे यासुनीला कसं लावायचं?

ओवी_

लावून बघू. ब्लॉक ४३ च्या दक्षिणेला अस्पर्श क्षेत्र आहे, २००७ मध्ये ७.५८ लाख हेक्टरचं आखलेलं, भोवती दहा किलोमीटरचा संरक्षक पट्टा. इश्पिंगोचं तेलक्षेत्र त्या पट्ट्यात शिरतं. तिथे तागाएरी आणि तारोमेनाने राहतात. वाओरानींचे नातलग, पण बाहेरच्यांशी संबंध नको म्हणून आत गेलेले. त्यांची ग्रामसभा कशी भरवणार?

त्यांनी मत दिलेलं नाही असंही म्हणता येत नाही. पायवाटेवर चोंटा नावाच्या ताडाचे भाले आडवेतिडवे, फुलीसारखे ठेवलेले सापडतात. त्याचा अर्थ तिथला प्रत्येक वाओरानी जाणतो: इथून पुढे येऊ नका. १९८७ मध्ये बिशप आलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो तेलशोधाआधी त्यांच्याशी बोलायला म्हणून हेलिकॉप्टरनं उतरले आणि भाल्यांनी मारले गेले. दोघंही भल्या हेतूनं गेले होते.

संपर्क आला की रोग येतो. वाओरानींना मिशनच्या वस्तीत एकत्र आणल्यावर १९६९ मध्ये पोलिओची साथ आली, माणसं मेली, काही अपंग झाली. साधा फ्लू, गोवर, ज्यांच्या शरीरानं कधी पाहिले नाहीत त्यांना ते पुरेसे असतात. आणि रोगाआधी आवाज येतो. जनित्रं रात्रंदिवस चालतात, शिकार त्यांच्यापासून दूर जाते, शिकारीमागे हे लोक सरकतात, सरकले की दुसऱ्या गटाच्या वाटेवर येतात. २००३, २००६ आणि २०१३ ची हत्याकांडं या दबावाच्या पार्श्वभूमीवर घडली. त्यांबद्दलचा खटला आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेला आणि मार्च २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: इक्वेडोर दोषी, आणि २०२३ च्या कौलाची अंमलबजावणी करा. स्वेच्छेनं एकांतात राहणाऱ्या लोकांबद्दल त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल.

तेव्हा मृद्गंध, 'ज्याचं जंगल त्याचं मत' हे तत्त्व मी पूर्ण मानते. या जंगलातल्या काहींचं मत भाल्यांच्या फुलीत आहे. ते मोजलं तर प्रांताचा निकालही एवढा सरळ राहत नाही.

मृद्गंध

मान्य. या अंगानं विचार केला नव्हता. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण अर्धा राहिला होता.

स्पष्टवक्ता

ओवी, भाल्यांच्या फुलीवर माझ्याकडे उत्तर नाही. इश्पिंगो बंदच व्हायला हवं, हे मी मानतो. उत्तरेकडच्या तिपुतिनीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. आणि दवाखान्याचा प्रश्न कुणी उचललेला नाही.

उंबर

उचलते. करारात दवाखाना, शाळा, पेट्रोल कंपनीकडून येतं याचा अर्थ राज्यानं आपलं काम तेलावर सोडलंय. त्यामुळे विहीर बंद करायच्या आराखड्यात दवाखान्याची तारीख विहिरीच्या तारखेच्या आधीची हवी. परिचारिकेचा पगार, होडीचं इंधन, लशीचा शीतपेटीतला प्रवास हे सगळं अर्थखात्याच्या कागदावर आधी चढलं पाहिजे. विहीर बंद, दवाखाना बंद असं झालं तर पुढच्या वेळी ओरेयाना याहून मोठ्यानं 'नाही' म्हणेल आणि ते बरोबरच असेल.

तिपुतिनी वेगळं काढण्याला मात्र माझा विरोध आहे. तेलावरची प्रक्रिया तिपुतिनीला होते. ते केंद्र चालू राहिलं तर वाहिनी, तराफे, रस्ता, जनित्रं सगळं जागेवर राहतं, आणि 'आता एवढं आहेच तर' म्हणत दक्षिणेकडे जायला पाच वर्षंही लागत नाहीत.

गणिती

पारड्यात टाकायला आणखी एक आकडा. ८४.६ कोटी बॅरल म्हणजे आजच्या जगाच्या वापराच्या जेमतेम सव्वाआठ दिवसांचं तेल.

पाणकोंबडी

सव्वाआठ दिवस... हे दोनदा वाचलं.

दर्यावर्दी, तुम्ही विहीर बंद करण्याबद्दल लिहा ना. रानवाटा यांच्या मूळ प्रश्नाचा तो अर्धा भाग तसाच राहिलाय.

दर्यावर्दी

लिहितो. आधी एक फरक पक्का करू, कारण बातम्यांत सगळ्याला 'बंद' म्हणतात. झडप फिरवून ठेवलेली विहीर म्हणजे विसाव्याला बसलेली विहीर. ती दोन तासांत पुन्हा चालू होते. कायमची बुजवलेली विहीर वेगळी.

बुजवायची पद्धत साधारण अशी. विहिरीत जड द्रव भरून दाब शांत करायचा. दुरुस्तीचा रिग आणून नळ्या आणि पंप वर काढायचे, आतली भिंत खरवडून धुवायची. मग तेलाच्या थरासमोर, जिथे नळीला भोकं पाडलेली असतात तिथे, सिमेंट दाबून भरायचं. ते घट्ट झालं की वरून नळी टेकवून वजन टाकायचं आणि पाण्याच्या दाबानं तपासायचं. गोड्या पाण्याच्या थराखाली दुसरं बूच, जमिनीजवळ तिसरं. शेवटी वरचं यंत्र काढून नळी जमिनीखाली मीटर-दोन मीटरवर कापायची आणि पोलादी पत्रा वितळजोड करून बसवायचा.

चूक होते ती बहुधा नळीच्या बाहेर. पोलादी नळी आणि खडक यांच्यामधलं मूळ सिमेंट खणताना नीट बसलं नसेल, तर आत कितीही चांगलं बूच मारा, खारं पाणी बाहेरच्या फटीतून वर सरकतं. म्हणून बुजवण्याआधी ध्वनिलहरींनी त्या सिमेंटची तपासणी करायची असते, आणि जिथे पोकळी दिसते तिथे नळीला भोकं पाडून बाहेर सिमेंट दाबायचं असतं. वेळ आणि पैसा इथेच वाचवला जातो, कारण वरून काहीच दिसत नाही.

आता वर्षांचा हिशेब. एका विहिरीला दहा दिवस धरा. २४७ विहिरींना २,४७० रिग-दिवस. हे काम एका वर्षात करायला सात रिग लागतील. दलदलीत, सगळं सामान नापोवरून तराफ्यानं आणायचं असताना सात रिग चालवणं अवघड आहे, त्यातून वेगळीच इजा होईल. म्हणजे न्यायालयाचं एक वर्ष बुजवण्यासाठी कमीच होतं. पण ऑगस्ट २०२४ ते २०२९ अखेर ही सव्वापाच वर्षं म्हणजे सव्वा रिग. तीन रिग लावले तर सव्वादोन वर्षांत होतं.

आणि मुख्य गोष्ट: बुजवायला वर्षं लागतात, उपसा थांबवायला लागत नाहीत. हे तेल आपणहून वर येत नाही हे वर लिहिलंय. पंप बंद केला की विहीर गप्प होते. फक्त वाहिनीतलं तेल थंड होऊन घट्ट बसू नये म्हणून आधी ते हलक्या तेलानं पुढे ढकलायचं, मग आतून सफाईचा गोळा फिरवायचा आणि पाण्यानं धुवायचं. काही आठवड्यांचं काम. २०२९ पर्यंत पंप चालू ठेवण्याचं कारण तांत्रिक नाही.

रानवाटा

सव्वा रिग! मला नेमकं हेच समजून घ्यायचं होतं. म्हणजे बातम्यांत 'इतक्या विहिरी बंद' असं आलं तर काय विचारायचं? झडप बंद की बूच, ध्वनिलहरींची तपासणी झाली की नाही, आणि त्या तळावरचा रस्ता उखडला का?

उंबर

रस्त्याचं मी सांगते. तळाखाली खडी, त्याखाली कापडासारखा थर, काही ठिकाणी खाली कापलेल्या झाडांचे ओंडके. हे सगळं उचलून नेलं नाही तर वर फक्त गवत येतं. खालची चिकणमाती यंत्रांच्या वजनानं इतकी घट्ट झालेली असते की पावसाचं पाणी वरच साचतं आणि बी कुजतं. ती नांगरासारख्या दातांनी हात-दीड हात खोल फोडावी लागते. ओढ्यांवर टाकलेले भराव काढून पाण्याला जुनी वाट द्यावी लागते.

मग सेक्रोपिया आपणहून येतं. पोकळ खोडाचं, छत्रीसारख्या पानांचं, वर्षभरात डोक्यावर जातं. त्याला यश समजून फोटो छापतील. पाच वर्षांनी त्या सावलीत मोठ्या बियांच्या झाडांची रोपं दिसतात का ते बघायचं, आणि त्या बिया आणायला कोळीमाकडं परतली आहेत का ते. रस्ता तसाच राहिला असेल तर परतलेली नसतील.

स्पष्टवक्ता

दर्यावर्दी, तीन रिगचा खर्च आणि दवाखान्याचा खर्च दोन्ही एकाच कागदावर मांडता येईल का? गणिती मदत करतील. तो कागद समोर आला तर तिपुतिनीबद्दल पुन्हा बोलू.

गणिती

जरूर. रिगचा दिवसाचा दर दर्यावर्दी सांगतील, बाकी मी मांडतो. रविवारपर्यंत टाकतो.